दस्तगीरभाऊंनी न काढलेला ओरखडा

बसा, बसा. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, सतरंजीवर अजून जागा आहे. तो पंखा जरा कमी करा कुणीतरी, माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.

हमीदाभाभी, तुमच्या लेकी, जावई, पेठेतली मंडळी, दुकानदार, कारागीर. आणि कोडोलीहून आलेल्या वैशालीताई आणि त्यांची प्रज्ञा. सगळे आलात. एका पॉलिशवाल्यासाठी तालमीचा हॉल भरलाय. दस्तगीरभाऊंना कुणी हे आधी सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "वैनी, दुसऱ्या कुणाची तरी सभा असंल. नीट चौकशी करा."

आठ दिवस झाले त्यांना जाऊन. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात चालत गेले, चालत परत आले नाहीत. अजून मी सकाळी दुकान उघडलं की मागच्या खोलीकडं बघून म्हणते, "चहा सांगू का?" 

मला भाषण येत नाही. मला भांडण येतं. पेठेतल्या निम्म्या लोकांना ते माहीत आहे, उरलेले निम्मे नशीबवान. पण आज माझा आवाज कापणार नाही. कापला तर माईक खराब आहे असं समजा.

माझ्या आधी चौघे बोलले. दस्तगीरभाऊ शांत होते, इमानी होते, हाताला गुण होता. सगळं खरं आहे. पण मघाशी बाहेर चपला काढताना तुमच्यातलं कुणीतरी एक वाक्य बोललं. नाव घेत नाही. "माणूस लाखात एक. ती एक अंगठी घालवली, तेवढं सोडलं तर."

मी त्या अंगठीबद्दल बोलायला उभी आहे. तेवढंच सांगून खाली बसणार आहे. पण ते कळायचं तर आधी माणूस कळायला पाहिजे, म्हणून जरा मागनं येते.

मी सुमन पोतदार. आमचं सोन्याचांदीचं छोटं दुकान, इथनं हाकेच्या अंतरावर. आमचे हे गेल्यावर गल्ल्यावर मी बसले. आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीशी, पॉलिशच्या मोटरीपुढं सव्वीस वर्षं दस्तगीर शिकलगार बसले. त्यांचा आजा पन्हाळ्याच्या वाटेवरच्या गावांतनं खांद्यावर सहाणेचं चाक घेऊन फिरायचा. विळे, कोयते, अडकित्ते, सगळ्याला धार लावून द्यायचा. त्या आज्यानं नातवाला एक गोष्ट शिकवली होती. विळा हातात घेतला की आधी विचारायचं, ह्यावर ठेवायचं काय हाय? कारण कुणाच्या विळ्यावर खूण असते. त्या खुणेवरनं बाई आपला विळा दहा विळ्यांतनं ओळखते. तू चाक लावलंस आणि खूण गेली, तर धार लावलीस खरी, पण तिचा विळा तिचा राहिला नाही.

दस्तगीरभाऊंनी ते आयुष्यभर पाळलं. बाकी सगळे पॉलिशवाले विचारतात, काय काढायचं? हे विचारायचे, "ठेवायचं काय?"

गिऱ्हाइकं हसायची. मीच जास्त हसायची. "अहो दस्तगीरभाऊ, लोक चकाकी मागायला येतात, तुम्ही काय ठेवायचं विचारता?" ते आपले दागिन्याच्या पाकिटावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. आतली अक्षरं ठेवणे. कडीचा पोचा ठेवणे, आजीचा आहे. असलं काहीबाही.

आणि दुसरी एक सवय. मोटर चालू असताना ते एक शब्द बोलायचे नाहीत. मोटर बंद केली तरी चाक लगेच थांबत नाही, बराच वेळ गरगरत राहतं. तोपर्यंतही बोलायचे नाहीत. तुम्ही काही विचारा, आग लागली म्हणून सांगा. हात वर करायचे, थांबा. चाक पुरतं थांबलं की मान वळवायची आणि मग, "हं, बोला वैनी." मला एवढा राग यायचा! मला थांबायची सवय नाही. मी दारात उभी राहून चाकाकडं बघत बसायची, आणि खरं सांगते, चाक थांबेपर्यंत माझा निम्मा राग उतरायचा.

आता प्लॅटिनम.

आमच्या दुकानात प्लॅटिनम आलं तेव्हा मी कोल्हापूरची राणी झाले होते. नवराबायकोच्या जोडीच्या अंगठ्या, पांढऱ्याशुभ्र, मखमली डबीत. कंपनीचा माणूस आला, त्यानं सांगितलं की धातू कणखर आहे, पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तेवढं त्यानं सांगितलं. पुढचं माझं मी जोडलं. "ओरखडासुद्धा पडणार नाही. लिहून देते." येईल त्या गिऱ्हाइकाला हेच. लिहून देते! देव करो आणि कुणी खरंच लिहून घेतलेलं नसो.

पहिला आला तो याच तालमीतला एक पैलवान. नवं लग्न झालेलं. तो इथंच बसलाय, मान खाली घालू नकोस रे, नाव नाही घेत. पंधरा दिवसांत दुकानात हजर. "काकी, तुम्ही म्हणालता ओरखडा पडणार न्हाय. मग हे काय हाय?" अंगठीवर हा ओरखड्यांचा पसारा. मी काय करावं? मी त्यालाच धरलं. "काय केलंस काय? फरशी घासलीस का हिनं?"

मागच्या खोलीतली मोटर बंद झाली. चाक थांबलं. मग आवाज आला, "पावणं, हिकडं या जरा."

गेला तो. मीही गेले, मला राहवतंय होय? दस्तगीरभाऊंनी त्याच्या हातात भिंग दिलं. म्हणाले, "बगा. काय दिसतंय?"

तो म्हणाला, "सरी पाडल्यागत दिसतंय."

"आणि सरीच्या दोन्ही अंगाला?"

"वरंबा हाय की."

"मग माती कुठं गेली?"

पैलवान घरचा शेतकरी. हसला. "कुठं जातीय? बाजूला झाली."

"तेच सांगायलोय. सोन्याला ओरखडा पडला की कणभर सोनं झडून जातं. ह्यो धातू झडत न्हाय, बाजूला सरतो. जेवढा घेतलासा तेवढा बोटात हाय."

"पण मग ओरखडा पडतो म्हणा की!"

"पडतो की. जड हाय, चिवट हाय, पण वरनं मऊ हाय. डंबेल धरला, की पडतो. बुलेटची मूठ धरली, पडतो. वैनींनी तुमाला जरा जास्त सांगितलं."

दोघंही हसले. मी नाही हसले.

मग त्यांनी त्याला जे सांगितलं ते मी पुढं शेकडो वेळा ऐकलं. तुमच्यापैकी ज्यांच्या बोटात प्लॅटिनम आहे त्यांनी आज पुन्हा ऐका, कारण आता सांगणारा नाही. तालमीत जाताना काढून ठेवायची. कणीक मळताना, भांडी घासताना, वाळू-सिमेंटात हात घालताना काढायची. सोन्याच्या बांगड्यांत, हिऱ्याच्या कुड्यांत टाकून ठेवायची नाही. हिरा ह्याला ओरबाडतो आणि हे सोन्याला. सगळ्यांना वेगवेगळी मऊ पिशवी. धुवायचं तर कोमट पाणी, साध्या साबणाचे दोन थेंब, लहान बाळाचा दात घासायचा ब्रश असतो तो, आणि सुती फडकं. टूथपेस्ट लावायची नाही. राख नाही, रांगोळी नाही, लिंबू-मीठ तर नाहीच. "वैनी, लोक दागिना धुतात का कढई घासतात?" असं मला विचारायचे. खडे बसवलेले असतील तर वर्षातनं एकदा दाखवून न्यायचं, खडा धरणारी नखी ढिली झाली का बघायला. आणि सारखं पॉलिश मागायचं नाही. पॉलिश म्हणजे शेवटी घासणंच. बारीक बारीक ओरखडे एकमेकांत मिसळले की त्या धातूवर एक मऊ तजेला येतो, दुधावर साय धरते तसा. "ते खराब झालं न्हाय," म्हणायचे, "ते वापरलंय."

प्लॅटिनमचं चाकही त्यांचं वेगळं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवलेलं. सोन्याचं चाक प्लॅटिनमला लावायचं नाही, सोन्याचा अंश त्यात बसलेला असतो, तो ह्याला चिकटतो. कुणी त्या डब्याला हात लावला की ते नुसते बघायचे. तेवढं पुरे व्हायचं.

असा माणूस. आता सांगा, हा माणूस अंगठी घालवेल?

तुम्ही कुणी हा प्रश्न विचारला नाहीत. सात वर्षांत एकानंही नाही.

वैशालीताई, आता मी तुमच्याबद्दल बोलणार आहे. मी परवा कोडोलीला येऊन सभेचा निरोप दिला, पण का बोलावतेय ते सांगितलं नाही. घरी सांगितलं असतं तर चार भिंतींत राहिलं असतं. खोटं बाजारात फिरलं, तर खरंही बाजारापुढंच सांगायला पाहिजे.

वैशालीताई शाळेत शिकवतात. त्यांनी आणि त्यांच्या मिस्टरांनी, कांबळेसरांनी, आमच्याकडनंच जोडीच्या अंगठ्या घेतलेल्या. एकदा प्रज्ञा सायकल शिकत होती. सर मागनं धरून पळत होते. सायकल सुटली आणि सरळ घराच्या दगडी जोत्यावर निघाली. सरांनी मधे हात घातला. पोरीला काही झालं नाही. सरांच्या अंगठीवर मात्र एक तिरका, खोल ओरखडा पडला. नख अडकेल एवढा. तेव्हापासनं त्या पोरीला सवय लागली. बापाच्या मांडीवर बसली की त्या ओरखड्यात नख घालून बसायची. टीव्ही बघताना, अभ्यास करताना. पुढं सर आजारी पडले, तेव्हा दवाखान्यातही. सर गेले तेव्हा पोरगी दहावीत होती.

बारावी झाली, पुण्याला शिकायला निघाली. वैशालीताई अंगठी घेऊन आल्या. म्हणाल्या, आतनं नीट साफ करून द्या, साखळीत घालून पोरीच्या गळ्यात घालायची आहे. दस्तगीरभाऊंनी विचारलं, "ठेवायचं काय, बाई?" त्या म्हणाल्या, "तो ओरखडा. त्याला हात लावू नका. तो तिचा आहे." दस्तगीरभाऊंनी पाकिटावर लिहून घेतलं.

मी त्या वेळी बाहेर होते, एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत. हे मला माहीत नव्हतं. पण ही सबब नाही. पाकिटावर लिहिलेलं होतं.

शुक्रवार होता. दस्तगीरभाऊ नमाजला गेलेले. वैशालीताई तीन वाजता येणार होत्या. मी म्हटलं, काम झालंय का बघावं. पाकिटातनं अंगठी काढली. आतनं लखलखीत, आणि वर हा एवढा ओरखडा.

दुकानदार मंडळी, तुम्हाला सांगायला नको. आपल्यात एक रीत आहे. दागिना नुसता टाका मारायला आला तरी परत देताना चकाकी आणूनच द्यायचा. गिऱ्हाइकानं मागितलेलं नसलं तरी. ती आपली शान. माझ्या दुकानातनं गेलेली अंगठी, आणि तिच्या कपाळावर असला व्रण? जिनं लिहून देते, लिहून देते म्हणून विकली तिनंच ती तशी परत द्यायची? मी पाकीट पालथं करून बघितलं नाही.

मी मोटरीवर बसले.

हो. मी बसले. मला येतं पॉलिश, सासऱ्यांनी शिकवलंय. आधी पॉलिश कागदानं घासली, ओरखडा जाईपर्यंत. मग चाक लावलं. चाकही सोन्याचं, जे समोर होतं ते. डबा उघडायचा कंटाळा. दहा मिनिटांत आरसा केला आरसा! मी स्वतःवर खूश होते हो. अजून आठवतं, मी ती अंगठी उजेडाला धरून हसले होते.

दस्तगीरभाऊ दारात आले. मोटर चालूच होती. त्यांनी आत येऊन बटण बंद केलं. आणि उभे राहिले. चाक फिरत होतं. मी म्हटलं, "बघा की, कशी केली!" त्यांनी हात वर केला. थांबा. चाक फिरत होतं. तेवढं लांबलेलं चाक मी कधी बघितलं नाही. ते थांबलं, मग त्यांनी पाकीट उचललं, पालथं केलं, माझ्यापुढं ठेवलं. "वैनी, वाचा."

मी वाचलं.

आता ऐका, मी काय म्हणाले असेन? माफी मागितली असेन? रडले असेन? मी म्हणाले, "एवढं काय त्यात! तसाच एक ओरखडा पाडून द्या की. तिरकाच होता ना? कुणाला कळतंय?"

सव्वीस वर्षांत दस्तगीरभाऊंचा आवाज मी एकदाच चढलेला ऐकला. तो तेव्हा. म्हणाले, "खोटा ओरखडा पाडायला मी चोर हाय व्हय? त्यो तिच्या बापानं पाडलेला हुता!"

आणि तेवढ्यात बाहेरची घंटी वाजली. वैशालीताई आणि प्रज्ञा आल्या होत्या.

मी गल्ल्यामागं जाऊन उभी राहिले. प्रज्ञानं हात पुढं केला. मी अंगठी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं बघितलंही नाही, सवयीनं नख फिरवलं. पूर्ण एक फेरा. नख कुठं अडकलं नाही. दुसरा फेरा केला. तिसरा केला नाही. तिनं आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं.

मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

मी, सुमन पोतदार, जिचं तोंड पेठेत कधी मिटत नाही, ती मिटून उभी राहिले.

मागनं दस्तगीरभाऊ आले. हात पुसत आले. त्या दोघींपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, माझ्या हातनं गेलं. मला सांगितलेलं हुतं, तरी गेलं. चूक माझी हाय."

वैशालीताई, तुम्ही अंगठी पदरात बांधलीत आणि गेलात. बोलला असतात तर बरं झालं असतं, असं मला किती वेळा वाटलंय.

दुकान बंद करताना मी त्यांना विचारलं. "दस्तगीरभाऊ, तुम्ही का अंगावर घेतलंत?" मला वाटलं म्हणतील, दुकानाची इज्जत राहावी म्हणून. मालकीणबाईंसाठी म्हणून. म्हणजे मला आपलं बरं वाटलं असतं.

ते म्हणाले, "तुमी बोलाल म्हणून वाट बघितली, वैनी. तुमी बोलला न्हाईसा. ती पोरगी उभी हुती. कुणीतरी बोलायला पायजे हुतं."

बास. एवढंच. आणि टोपी डोक्यावर घालता घालता म्हणाले, "आता तुमाला जमंल तवा तुमी सांगा. मी काय सांगणार न्हाय."

मी म्हणाले, "सांगते की! ह्या आठवड्यात कोडोलीला जाऊन येते."

सात वर्षं झाली त्या आठवड्याला.

बाजारात बोभाटा झाला. कसा झाला देवाला ठाऊक. दुसऱ्या दुकानांतनं त्यांच्याकडं प्लॅटिनमचं काम यायचं, ते बंद झालं. चेष्टेनं म्हणायचे, दस्तगीरकडं द्या, वळसुद्धा शिल्लक ठेवत नाही. त्यांच्यासमोर म्हणायचे. ते हसायचे. कुणाच्या तरी लग्नात चार बायकांनी हमीदाभाभींना विचारलं, तुमच्याच मालकांनी ना हो ती अंगठी घालवली? भाभी ताटावरनं उठून घरी आल्या. हे सगळं माझ्या कानावर येत होतं. आणि रोज सकाळी मी त्यांना विचारत होते, "चहा सांगू का?" आणि ते म्हणत होते, "सांगा की." कधी एका शब्दानं आठवण करून दिली नाही. एकदा जरी टोचलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडणाच्या भरात का होईना, सगळं बोलून गेले असते. मला भांडणात खरं बोलता येतं. त्यांनी भांडायला जागाच ठेवली नाही.

आता शेवटचं. हे मलाच पाच दिवसांपूर्वी कळलंय.

मी घरी भेटायला गेले तेव्हा हमीदाभाभींनी सांगितलं. दर दिवाळीच्या सुट्टीत कोडोलीची एक पोरगी घरी येते. प्रज्ञा. पहिल्या वर्षी आली ती दारात उभी राहून म्हणाली, "चाचा, तुम्ही मुद्दाम नाही केलं, मला माहीत आहे." तेव्हापासनं दर वर्षी यायची. दस्तगीरभाऊ स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घ्यायचे, तिची अंगठी धुवायचे, पुसायचे आणि भिंग लावून बघायचे. अंगठी आता साखळीत नाही, तिच्या अंगठ्यात असते. नवे ओरखडे पडलेले असायचे. ते विचारायचे, "ह्यो कशानं?" ती म्हणायची, बसच्या दांड्यानं. "आणि ह्यो?" लॅबमध्ये. "ह्यो?" मैत्रिणीच्या लग्नात नाचताना, भिंतीला. मग ते विचारायचे, "ठेवायचं?" ती म्हणायची, "ठेवायचं."

मंडळी, त्या पोरीनं ज्याला माफ केलं त्यानं काही केलेलं नव्हतं. आणि जिनं केलं होतं ती गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना अंगठीची काळजी कशी घ्यायची ते शिकवत होती.

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. ती अंगठी दस्तगीर शिकलगारांनी घालवली नाही. ती सुमन पोतदारनं घालवली. माझ्या हातानं, माझ्या ताठ्यानं. आणि नंतर गप्प बसून दुसऱ्यांदा घालवली. उद्यापासनं कुणी दस्तगीरभाऊंचं नाव त्या अंगठीबरोबर घेतलं तर त्याला माझ्या दुकानात पाठवा. दारात उभी राहून सांगेन.

हमीदाभाभी, तुम्ही त्या लग्नातनं उठून आलात, ते माझ्यामुळं. वैशालीताई, तुमचा विश्वास होता, तो मी मोडला. माफ करा म्हणायला मी उभी आहे, पण ते आज द्या असं म्हणणार नाही. मी सात वर्षं घेतली. तुम्हाला पाहिजे तेवढी तुम्ही घ्या.

प्रज्ञा, इकडं ये बाळ. ये.

हे बघ. हे ते पाकीट. त्या दिवशी मी ते फेकून देऊ शकले असते. फेकलं नाही, दाखवलंही नाही, गल्ल्याच्या तळाशी दडवून ठेवलं. ह्याच्यावर चाचांनी लिहिलंय. मी वाचते. "आतून साफ करणे. वरचा तिरका ओरखडा ठेवणे. मुलीचा आहे." आणि खाली त्यांनी पेन्सिलीनं अंगठीची आकृती काढलीय. त्यावर एक तिरकी रेघ आहे. केवढी, कुठं, कुठल्या अंगानं खोल, सगळं भिंगातनं बघून काढलेलं. चुकून हात लागू नये म्हणून.

ओरखडा मी तुला परत देऊ शकत नाही. तो कसा होता ते ह्या कागदावर आहे. हे तुझं. धर.

रडू नकोस. रड, रड. मीही... माईक खराब आहे.

दस्तगीरभाऊ, तुम्ही म्हणाला होतात, जमेल तेव्हा सांगा. मला तुम्ही असताना जमलं नाही. आज सांगितलं. उशीर झाला, आणि ह्या उशिराला कुठलं पॉलिश नाही. सलाम, भाऊ. जय भीम वैशालीताईंच्या घरातनं, आणि माझा नमस्कार.

आता सगळे उठा.

हे टेबलावर झाकलेलं काय आहे, असं मघापासनं तुमच्यातले काहीजण विचारत होते. ही त्यांची मोटर. चाक बिस्किटांच्या डब्यातलं आहे, त्यांचं प्लॅटिनमचं. आपण घड्याळ लावून दोन मिनिटं उभं राहायचं नाही. मी मोटर चालू करते. प्रज्ञा बटण बंद करेल. चाक फिरत राहील. ते थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

थांबलं की मगच.

कर बाळ, बंद कर.